पानावरचं जस्त

मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टा गेलेलं ते मक्याचं पान तिने खिडकीशी धरलं, तेव्हा पट्ट्यातून पलीकडची भिंत दिसेल की काय असं तिला वाटलं – इतका तो उपाशी होता. उपाशीच. जस्त, म्हणजे झिंक, कमी पडलं की मका असाच पट्ट्यापट्ट्यांनी फिका पडतो, हे ती या प्रयोगशाळेत लागली त्या वर्षीच शिकली होती... आणि यंत्र मात्र सांगत होतं, या पानात जस्त ओसंडून वाहतंय. पोट खपाटीला गेलेल्या माणसाने तृप्तीचा ढेकर द्यावा, तसं काहीतरी.

मळ्याची मालकीण सकाळीच फोनवर बोलली होती. "बाई, पान एक बोलतंय, तुमचा कागद दुसरंच. मी ऐकू कुणाचं? तुरा यायच्या आत झिंक मारलं तर मारलं. नंतर कणसं पोचट निघाली तर तुमचा कागद दळून खाऊ का मी?"

"संध्याकाळपर्यंत सांगते," ती म्हणाली होती.

मालकीणबाई हुशार. ती शेतात ही पानं खुडत असताना त्यांनीही त्याच ओळीतली चार पानं खुडून वेगळ्या कागदी पिशवीत घातली होती, असू देत जोडीला म्हणून. ती पिशवी तिने आज तपासली. त्यात जस्त नावालाच होतं. एकच ओळ, एकच माती, एकच दुपार. फरक एवढाच की ती पानं त्यांनी तोडलेली, आणि ही तिने.

मग तिने कात्री तपासली, दळायच्या यंत्राचं पातं तपासलं, पानं विसळायची बादली जस्ताच्या मुलाम्याची तर नाही ना तेही पाहिलं. प्लास्टिकची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा... शेवटी शुद्ध पाण्यात स्वतःचीच बोटं चोळून तिने ते पाणी यंत्राला पाजलं, आणि आकडा असा वर गेला की शेजारच्या टेबलावरून साहेब म्हणाले, "काय हो, छपराचा पत्रा खाजवून आलात की काय?" ती हसली. हसता हसता मानेमागे गार वाटलं.

कारण हाताला जस्त लागावं असं एकच काही तिच्या आयुष्यात येऊन गेलं होतं. ते मलम. पांढरं, चिकट, पाण्याने न जाणारं. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायची, पाठ पुसायची, मग जखमेच्या कडेकडेने बोट फिरवायचं, आणि आई भिंतीकडे बघत म्हणायची, हळू गं, तुझा हात जड आहे... पण आई गेली तेव्हा या मक्याचं बी अजून पोत्यात होतं. उरलेली नळी तिने स्वतः फेकली होती. फेकताना ती किती हलकी लागली, तेसुद्धा आठवत होतं. मग मी रोज हात लावतेय तो कशाला?

घरी धाकटी बहीण भाजी निवडत बसली होती.

"ते आईचं मलम आहे का गं कुठे घरात?" तिने चप्पल काढता काढता विचारलं.

"संपलं? परवाच तर आणून ठेवलं मी."

"तू कशाला आणतेस?"

धाकटीचे हात थांबले. "ताई, रोज पहाटे लावतेस तू. मला आवाज येतो. 'कूस बदल, आई' म्हणतेस. मग जरा थांबून म्हणतेस, 'हळूच लावतेय.' एकदा नळी नव्हती तर खोलीभर शोधत होतीस, मला बघवेना. म्हणून आणून ठेवते." तिने मान वर केली नाही. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. कळूनच करतेस."

तिने आईच्या खोलीचं दार उघडलं. आई गेल्यापासून इथे आपण पाऊल टाकलं नाही, अशी तिची खात्री होती. पलंगावर चादर ताणून घातलेली होती. मधोमध पांढरं, तेलकट वर्तुळ होतं, आणि वर्तुळाच्या आत, जखम होती तेवढी जागा, कोरडी सोडलेली. नेमकी तेवढीच. झोपेतसुद्धा तिचं बोट चुकलं नव्हतं.

तिने तिथूनच मालकीणबाईंना फोन लावला. "झिंक फवारा. उद्याच. माझा कागद चुकलाय."

"चुकला कसा?"

खोटं बोलता आलं असतं. बादलीवर ढकलता आलं असतं. "माझ्या हाताला होतं. आईचं मलम लावते मी."

"अगं बाई, आजारी आहेत का आई? काळजी घ्या हो त्यांची."

"घेते," ती म्हणाली.

आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं की हे खोटं वाटलं नाही. भीती वाटली, चांगलीच वाटली. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काही होतं, आणि ते नीट ओळखायला तिला पलंगाच्या कडेवर टेकावं लागलं. आई गेल्यापासून एकदाही स्वप्नात आली नव्हती. धाकटीच्या येत होती, शेजारणीच्यासुद्धा येऊन गेली. आपल्यावरच रुसली असेल, असं ती मनात धरून होती... आणि इथे रोज पहाटे कूस बदलली जात होती, कुणीतरी काहीतरी म्हणत होतं, त्याला उत्तर दिलं जात होतं, आणि हे सगळं तिला वगळून. उद्या पहाटे जागं राहावं? जागं राहिलं तर नुसती चादर दिसेल. झोपलं तर काहीच दिसणार नाही. तिने मांडीवरचे आपले दोन्ही हात पाहिले, आणि त्यांचा तिला इतका हेवा वाटला की तिने ते पदराखाली झाकून घेतले.