माझ्यावरची पिवळी अक्षरं

मी एक जुना पत्र्याचा फळा आहे. आधी खामगावच्या एका तेलगिरणीची पाटी होतो. गिरणी बंद पडली आणि मी भंगारात गेलो. तिथून मला मुख्तार पेंटरने डोणगावजवळच्या आपल्या गावी आणलं, काळा रंग दिला आणि वेशीपाशी उभं केलं.

मित्रांनो, मी फार मिरवलो. पोलिओचा डोस, दहावीचा निकाल, कुणाची तेरवी, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं माझ्या अंगावर. अक्षर मुख्तारचंच. म्हैस सापडली की शाबासकी मात्र मला मिळायची.

यंदा गावातली चार डोकी एकत्र बसली आणि त्यांतले उकंडराव एक कागद घेऊन आले. खडूनं नको, पिवळ्या ऑइलपेंटनं लिही म्हणाले. मुख्तारने कागद वाचला. ‘या गावात मुस्लिम फेरीवाल्यांना बंदी आहे.’

“भाऊ, हे म्याच लिहू काय?”

“तुह्याइतकं चांगलं अक्षर गावात कोणाचं हाय? अन् तू काऊन मनाले लावून घेतं? तू आपला हायस. हे बाहेरच्याइसाठी हाय.”

उकंडराव मनाचे वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. मुख्तार नाही म्हणाला असता, तर संध्याकाळपर्यंत तोही बाहेरचा झाला असता. त्याने लिहिलं. एकही वेलांटी वाकडी गेली नाही. मला अंग चोरता आलं असतं, तर मी चोरलं असतं.

गुरुवारी मेहकरचे गयासचाचा सायकलला बांगड्यांची पेटी बांधून आले. गावातल्या शालूबाईंच्या लेकीला, डिंपलला, लग्नाचा हिरवा चुडा भरायचा होता. शालूबाईंचा चुडाही चाचांनीच भरला होता. त्या धावत वेशीवर आल्या, तर चाचा माझ्यासमोर उभे. त्यांना वाचता येत नव्हतं.

“मुख्तारचं अक्षर हाय,” ते कौतुकानं म्हणाले. “काय लिह्यलं बाई?”

शालूबाईंनी माझ्यावरची ओळ वाचली. मग खाली मान घालून म्हणाल्या, “गावात साथ आली म्हणते, चाचा. आज नका येऊ.”

“अरे अल्ला. मंग ह्या बांगड्या तूच भर तिले. पोरीले जप.”

चाचांनी सायकल वळवली. बांगड्या पदरात घेऊन शालूबाई रडत उभ्या राहिल्या, आणि मी तेच वाक्य दाखवत उभा राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी एरवी म्हटलं असतं. आता म्हणवत नाही. मला रंग देऊ नका, पुसू नका, गंजू द्या. त्यालाही पुष्कळ वर्षं लागतील. मुख्तारचं काम पक्कं असतं.