बाईसाहेबांचा मागचा डावा सड

बाईसाहेब म्हणजे कालवड. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या घरात तिच्याविषयी ज्या अदबीनं बोलणं चाले, ते ऐकून नवखा माणूस सावरून बसायचा. "बाईसाहेबांनी आज पेंड परत पाठवली." "बाईसाहेबांना उकडतंय, पंखा तिकडे वळवा." हे सगळं घरधनी बोलायचा, आणि रोख असायचा बायकोवर. तिनंच तर लाडावून ठेवली होती.

लाडावणार नाही तर काय? आई वितानाच गेली, आणि हे ओलं, थरथरणारं पिल्लू हिनं पोत्यात गुंडाळून थेट स्वयंपाकघरात आणलं. बाटलीनं दूध पाजलं. ती सवय अशी जडली की एवढी मोठी झाली तरी बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारातून अर्ध्या आत यायच्या, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते न कळून तिथेच अडकून राहायच्या.

पण लाड एकीकडे आणि गोठा एकीकडे. गाभण राहाव्यात म्हणून बाईसाहेबांना दोनदा वळूकडून भरवलं, दोन्ही वेळा त्या उलटल्या, पुन्हा माजावर आल्या. तिसऱ्यांदा भरवलं तेव्हा घरधन्यानं जेवता जेवता जाहीर केलं, "या खेपेला राहिली तर ठीक. नाहीतर तिनं दुसरं घर बघावं. नुसतं खाऊन मिरवायला हे काही तिचं माहेर नाही."

माहेरच होतं की! बायकोनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलून बाईसाहेबांपुढे धरली.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. डॉक्टर येऊन तपासेपर्यंत धीर धरणं तिच्या स्वभावात नव्हतंच. तिनं कुठेतरी ऐकलं होतं, की गाभण कालवडीचा सड पिळला की मधासारखा चिकट थेंब येतो. आता पिळायचा कसा? बाईसाहेबांना मागे कुणी उभं राहिलेलं खपत नसे. लाथ अशी बसायची की माणूस पुढचे दोन दिवस तिरकं चालायचं. पण गोठा आणि वैरणीची खोली यांच्यामधल्या भिंतीत, बरोबर कासेच्या उंचीला, एक वीट निखळली होती. वैरणीच्या खोलीत बसून त्या भोकातून हात घातला की मागचा डावा सड अलगद बोटांत यायचा. बाईसाहेबांना वाटायचं भिंतच आपल्याला गोंजारतेय. त्या मजेत रवंथ करायच्या.

दुपारी सगळे आडवे झाले की ही वैरण आणायच्या निमित्तानं जायची. एक थेंब काढायची, दोन बोटांत चोळायची. कधी चिकट वाटायचा, कधी नाही. चिकट वाटला त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर पडायचं.

डॉक्टर यायची त्या सकाळी मात्र हिच्या तोंडचं पाणी पळालं. कासेची मागची डावी बाजू फुगली होती. हात लावला तर गरम. आणि बाईसाहेब मागचा पाय फाकवून उभ्या, जणू आपल्याच कासेशी त्यांचं बिनसलंय. हिला कळायचं ते कळलं. ती गुपचूप गेली आणि कालवडीच्या डाव्या अंगाला चिकटून उभी राहिली.

डॉक्टर तिच्या लेकीच्या वयाची, बोलायला फटकळ. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "काकू, बाजूला व्हा. तपासायची आहे ती कालवड."

"मी धरते ना तिला. बुजते ती."

"ती कुठे बुजतेय? तुम्हीच बुजल्यासारख्या दिसताय."

घरधनी दारात उभा होता. तो हसला. "डॉक्टर, बाईसाहेबांच्या या आईला जरा समजून घ्या. पोरीला पाहायला आलेत असं वाटतंय तिला."

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की हसू अर्ध्यातच राहिलं. मग ती मुकाट्यानं बाजूला झाली.

डॉक्टर वाकली, कासेवरून हात फिरवला आणि तशीच थांबली. सरळ उभी राहून तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सासूबाईही एव्हाना काठी टेकत येऊन पोचल्या होत्या.

"हिचा सड कोण पिळतं?"

सगळ्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलं, जणू उत्तर त्याच देणार होत्या.

"अजून व्यायली नाही ती," डॉक्टर म्हणाली. "सडाच्या तोंडाला मेणासारखं बूच असतं. आत घाण जाऊ नये म्हणून तिच्या शरीरानंच बसवलेलं. ते कुणीतरी रोज उघडतंय. म्हणून सूज आलीय. कोण?"

बायकोनं खाली मान घातली. "मी. पण रोज एकच थेंब हो. चिकट येतो का, बघायला."

"इतक्या लवकर त्यातून काडीचं काही कळत नाही, काकू. आणि एका थेंबानं इतका लाल व्हायचा नाही. दिवसातून किती वेळा?"

"एकदाच. दुपारी. शप्पथ."

डॉक्टरनं पुन्हा सड पाहिला. "एकदाच नाही."

मग सासूबाई खाकरल्या. त्या खाकरल्या की काहीतरी बाहेर पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मी काही पिळत नाही बाई," त्या म्हणाल्या. "मी आपली पहाटे नुसती दाबून बघते."

"आई!"

"आई काय? तू दुपारी रडवेली होऊन वैरणीच्या खोलीतून यायचीस. म्हटलं आपणही बघावं, तुला काही चांगलं सांगता आलं तर."

"दाबल्यावर थेंब येतो का, आजी?" डॉक्टरनं विचारलं.

"आला तर त्याला मी काय करू?"

घरधन्याला आता हसू आवरेना. "बघा डॉक्टर, या घरात बायकांच्या हाताला उद्योग नाही! मी म्हणतो, एवढं समजत नाही, त्या भोकातून हात घालून…"

तो थांबला. पण उशीर झाला होता.

"कुठल्या भोकातून?" बायकोनं विचारलं. अगदी हळू विचारलं. "मी तर भोकाचं नावही काढलं नव्हतं."

"भिंत… भिंत बघत होतो मी. संध्याकाळी. ओल आलीय का म्हणून."

"भिंतीला सड असतात का, काका?" डॉक्टर म्हणाली.

घरधन्याचे कान लाल झाले. सासूबाईंनी काठीवर हनुवटी टेकवली आणि मुलाकडे मोठ्या समाधानानं पाहत राहिल्या.

"तुम्ही तर म्हणाला होता, तिनं दुसरं घर बघावं!" बायको म्हणाली.

"म्हणालो होतो ना. म्हणून तर रोज बघावं लागत होतं," तो पुटपुटला. "म्हटलं, आपलाच शब्द आपल्या अंगाशी यायला नको."

बायकोला खूप काही बोलायचं होतं. पण डॉक्टरनं लांब हातमोजा चढवला.

बायकोनं बाईसाहेबांचं तोंड छातीशी धरलं. डॉक्टरनं शेपटी बाजूला केली आणि हात कोपराच्याही वर आत गेला. तिचे डोळे छताच्या पत्र्यावर होते, म्हणजे तिथे ती काही बघत नव्हती. बोटांनी बघत होती. बाईसाहेबांनी एकदा पाठ वाकवली. घरधनी दारात पायानं माती उकरत होता. वेळ जाता जाईना. आता ही "रिकामी" म्हणेल, बायकोला वाटलं, आणि वर सडही माझ्यामुळेच गेला असेल.

"आहे," डॉक्टर म्हणाली.

"काय आहे?"

"गाभण आहे, काकू. दुसरं काय शोधत होते मी आत?"

बायकोनं बाईसाहेबांच्या कपाळावर डोकं टेकलं ते उचललंच नाही. घरधनी एकदम भिंतीकडे वळला आणि खरोखरच ओल तपासू लागला.

"पोटातलं ठीक आहे. आता या सडाचं बघू," डॉक्टर म्हणाली. तिनं सड स्पिरिटनं पुसला, आतलं पिवळट पाणी काढलं, बारीक नळीनं औषध सोडलं. "सडाचा दगड झाला नाहीये अजून. औषध नीट दिलंत तर वाचेल असं वाटतंय. हमी देत नाही. न वाचला तर बाईसाहेब तीन सडांच्या होतील, आणि चौथ्याचा जाब मी तुम्हा तिघांना विचारेन. मी येईन तेव्हाच हात लागेल, तोही माझा. समजलं का, आजी?"

"मलाच का बाई?" सासूबाई म्हणाल्या. "माझा तर सगळ्यात हलका हात."

त्या दिवशी घरधन्यानं निखळलेली वीट शोधून भोकात बसवली. सिमेंट नव्हतं, नुसतीच ठोकून बसवली. डॉक्टर येत राहिली, सूज उतरत गेली, आणि शेवटी कास चारी बाजूंनी सारखी मऊ लागली. तेव्हा कुठे डॉक्टरच्या तोंडून "बरंय" निघालं.

त्याच दुपारी बायको वैरणीच्या खोलीत गेली. खरोखरच वैरण आणायला. भारा उचलताना भिंतीकडे लक्ष गेलं, तर वीट जमिनीवर. आणि भोकातून पलीकडून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

"हात लावलेला नाही," डोळा घाईघाईनं म्हणाला.

"मग वीट का काढलीत?"

"वाटलं, तू येशील."

तिनं भारा खाली ठेवला. "आणि आई कुठायत?"

पलीकडे जरा खुसफुस झाली. डोळा बाजूला सरला, आणि त्याच्या जागी सुरकुत्यांतला दुसरा डोळा आला.

"आम्ही दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतोय," सासूबाई म्हणाल्या. "तू इकडे गोठ्यात ये. तुझ्यावरही ठेवायचंय."