नसलेल्या पलटणीचा आचारी

पेन्शनच्या कचेरीत आचारीणबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा नवरा जाऊन महिना झाला होता. आता वर्ष होत आलं होतं आणि कचेरीतल्या शिपायाला बाईंच्या गुडघेदुखीची सगळी औषधं तोंडपाठ झाली होती. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. ते म्हणणारा माणूस फारच आशावादी असला पाहिजे.

गल्लीत त्यांना आचारीणबाई म्हणत, कारण नवरा आचारी. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर मोठाल्या पातेल्यांत डाव ढवळला त्यानं, पण घरी स्वतःपुरता चहासुद्धा करायचा नाही. ‘लढाईत एवढ्या चुली पेटवल्यात की आता काडी ओढायचा कंटाळा येतो,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि ते खोटं नव्हतं हो! तिथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

लढाई लागली तेव्हा तो विशीतला. आचारी म्हणून भरती केला आणि एका टेकडीवर धाडला. टेकडीवर नजर पोचेल तिथवर तंबू, आणि माणसं मोजून तीन. बाकीची पलटण नव्हतीच. शत्रूनं लांबून बघावं आणि धसका घ्यावा, एवढ्यासाठी रिकामे तंबू ठोकलेले. आता तंबू आहेत म्हटल्यावर आत माणसं आली, माणसं आली म्हटल्यावर ती जेवणार, आणि जेवणार तर धूर नको का निघायला? म्हणून आचाऱ्यानं सकाळ-संध्याकाळ ओळीनं चुली पेटवायच्या, वर रिकामी पातेली चढवायची आणि ओला पाला घालून असा धूर काढायचा की पलीकडे वाटावं, हजारो माणसांचा स्वयंपाक रटरटतोय. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! शत्रू फसला. एके दिवशी विमान आलं आणि त्यानं टेकडी भाजून काढली. आचारी त्या वेळी खाली ओढ्यावर पातेली घासत होता. रिकामी पातेली कशाला घासायची हे विचारू नका, हुकूम होता. दुसरे दोघे लाकडं तोडायला गेलेले. तिघंही वाचले, आचाऱ्याचा एक कान मात्र कायमचा गेला.

गल्लीतली माणसं ही गोष्ट ऐकून पोट धरून हसायची. बाई हसायच्या नाहीत. त्यांना जन्मभर त्या बहिऱ्या कानाच्या बाजूनं ओरडून बोलावं लागलं होतं.

आता प्रश्न होता दोन खोल्यांचा. टॅक्सी स्टँडवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या, लग्नापासूनच्या. घरमालक तसा वाईट नव्हता, पण स्पष्ट बोलणारा. ‘दरमहा काही ठरावीक उत्पन्न दाखवा, खोल्या तुमच्या. नाही तर महिनाअखेर मी भाडेकरू बघतो.’ आणि खोल्या गेल्या की बाईंची रवानगी नणंदेच्या मुलाकडे. भाचा भला होता. ‘मामी, बिनधास्त या, पॅसेजमध्ये कॉट टाकू,’ म्हणाला होता. तो पॅसेज बाईंनी पाहिला होता. एका टोकाला चपलांचं कपाट, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर, आणि घरातल्या ज्या कुणाला न्हाणीघर गाठायचं असेल त्यानं बाईंच्या पायांवरून जायचं. विचारानंच बाईंच्या अंगावर काटा यायचा.

कचेरीत त्यांच्यासोबत वन्संच यायच्या. वन्सं म्हणजे आचाऱ्याची सख्खी थोरली बहीण, त्याच भाच्याची आई, काठी टेकत चालणारी आणि जिभेला कसलाच टेकू न लागणारी. या वन्संनी भावासाठी आपली मैत्रीण पसंत केली होती, आणि भावानं परस्पर बाईंशी लग्न केलं. तेव्हापासून त्यांचं बाईंशी बोलणं हवापाण्यापुरतं. पण भावाच्या लढाईचा प्रश्न म्हटल्यावर त्या प्रत्येक खेपेला हजर.

कारकून बिचारा सज्जन होता, हीच मोठी अडचण. उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं.

“आजी, अशी पलटणच नव्हती,” तो म्हणायचा.

“नव्हतीच! मी वर्षभर दुसरं काय सांगतेय?”

“मग तुमचे यजमान होते कशात?”

“नसलेल्या पलटणीत.”

“पण नसलेल्या पलटणीतल्या असलेल्या माणसाला पेन्शन द्यायची सोय नाही ना.” तो डोकं खाजवायचा. “सगळं गुप्त होतं, म्हणून कुठं लिहिलं नाही. कुठं लिहिलं नाही, म्हणून झालं नाही. त्या जागेवर लढाईत प्रत्यक्ष हजर असलेला एक साक्षीदार आणा, मी लगेच पुढचं बघतो.”

“ते दोघे कधीच गेले वर.”

“कुठल्या बाजूचा साक्षीदार?” वन्संनी एकदम विचारलं.

कारकून चपापला. त्यानं नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं, चष्मा वर केला, खाली केला. “बाजू लिहिलेली नाही,” तो सावकाश म्हणाला.

झालं! दोघी म्हाताऱ्या दुसऱ्या दिवशी शत्रूच्या दारात. म्हणजे तेव्हाच्या शत्रूच्या. आता त्या देशाची नि आपली गळ्यात गळे घालण्याइतकी दोस्ती होती, आणि त्यांच्या वकिलातीच्या फाटकावर छान कुंड्या लावल्या होत्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं टेकडीचं नाव ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे ते म्हातारे वैमानिक ना? येतायत की सोमवारी. दरवर्षी येतात, टेकडीवर फुलं वाहायला.”

दोघींनी निरोप ठेवला, आणि सोमवारी वैमानिक कचेरीत आला. काठीसारखा ताठ, कोटावर पदक, हातात मोठा गुच्छ. माणूस आपली भाषा शिकला होता, पण फक्त माफी मागण्यापुरती. तो बाईंसमोर आला, वाकला आणि म्हणाला, “बाई, मी तुमचा नवरा मारला. मला क्षमा करा.”

“अहो, नाही मारलात,” बाई म्हणाल्या.

“मारला. सगळे मारले. एकही वाचला नाही. फार वाईट केलं मी.” त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बाईंनी त्याला खुर्ची दिली, शिपायाकडून पाणी मागवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत सगळं सांगितलं. तंबू रिकामे होते. पातेली रिकामी होती. नुसत्या चुली होत्या हो, कुणीसुद्धा मेलं नाही. ह्यांचा तेवढा कान गेला, आणि त्या कानानं तसंही ते माझं ऐकत नव्हते.

आता कुणालाही वाटेल, म्हातारा सुटकेचा श्वास टाकेल. छे! तो लालबुंद झाला आणि ताडकन उभा राहिला.

“चुली? बाई, मी जन्मभर रडलो. बायको सोडून गेली माझ्या रडण्याला कंटाळून. हे काय चुलींसाठी?” त्यानं पदकावर हात आपटला. “माझ्या देशानं मला हे चुली मारल्याबद्दल दिलं? हजारो माणसं होती! मी धूर पाहिला! तुमचा नवरा तिथं होता आणि मी त्याला मारला. शपथेवर सांगतो.”

आणि सांगितलंच त्यानं शपथेवर. गुच्छ बाईंच्या मांडीवर ठेवला, पुन्हा एकदा क्षमा मागितली आणि डोळे पुसत निघून गेला.

कारकुनाचा चेहरा उजळला होता. “आजी, अभिनंदन! सेवा सिद्ध झाली. पलटणही सिद्ध झाली.”

“म्हणजे पेन्शन मिळणार?”

“मिळणार. पण...” तो अडखळला. “सेवेबरोबर मृत्यूही सिद्ध झाला. त्याच दिवशी. साक्ष एकच आहे, अर्धी घेऊन अर्धी टाकता येत नाही. तुमचे यजमान टेकडीवर शहीद झाले. तुमचं लग्न कधी झालं?”

“लढाई संपल्यावर.”

“हां. म्हणजे झालं नाही.”

“अरे, मग गेल्या वर्षी माझ्या घरात गेला तो कोण?”

“ते महापालिकेचं खातं बघेल,” कारकून अगदी मायेनं म्हणाला. “आमच्याकडे एकदा गेलेला माणूस पुन्हा जाऊ शकत नाही. पण काळजी करू नका, पेन्शन वाया नाही जाणार. अविवाहित शहिदाची सख्खी बहीण हयात असेल तर ती पात्र.” आणि त्यानं वन्संकडे पाहून मान लववली.

काय म्हणावं या कर्माला! वर्षभर उंबरठे झिजवले एकीनं आणि पेन्शन पडली दुसरीच्या पदरात.

दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. मधे गुच्छ. मग बाईच म्हणाल्या, “घ्या तुम्ही. महिन्याच्या महिन्याला माझ्या हातात द्या, मी भाडं भरीन. खोल्या राहतील.”

“म्हणजे मी आत जाऊन सांगू, की माझ्या भावाचं लग्न झालं नव्हतं?”

“सांगा.”

“जीभ झडेल माझी.”

“तेव्हा ते लग्न मोडायला निघाला होतात ना? मग आता कसली लाज वाटते?”

वन्सं काठी टेकून उठल्या. खरं म्हणजे बाईंनाही ते बोलणं जड गेलं होतं. त्या माणसाबरोबर अख्खा संसार केला, त्याचे पाय चेपले, त्याच्याशी भांडून माहेरी गेल्या नि दुपारच्या आत परत आल्या. आणि आता हे सगळं झालंच नाही म्हणायचं, तेही स्वतःच्या तोंडानं वन्संना पढवून! पण डोळ्यांसमोर पॅसेज आला आणि त्यांनी मन घट्ट केलं.

आत गेल्यावर कारकून म्हणाला, शपथ तोंडी घ्यायची, स्पष्ट आणि मोठ्यानं, एका साक्षीदारासमोर. साक्षीदार म्हणून आचारीणबाई चालतील, त्या आता घरच्या कुणीच नाहीत.

वन्सं उभ्या राहिल्या. “माझा भाऊ...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

“...टेकडीवर शहीद झाला,” बाईंनी शाळामास्तरणीसारखं पुढचं सांगितलं.

“टेकडीवर शहीद झाला. आणि त्याचं... त्याचं...”

“लग्न झालं नव्हतं. बोला, वन्सं, लग्न झालं नव्हतं.”

“मला नाही येत गं.”

“येतंय. त्यात काय आहे एवढं? लग्न. झालं. नव्हतं.” बाईंनी आवाज पडू दिला नाही. “त्याला बायको नव्हती. म्हणा.”

वन्संनी डोळे मिटले आणि सगळं एका दमात म्हणून टाकलं, आणि हुंदका देऊन खुर्चीत बसल्या. कारकुनाचेही डोळे ओलावले. “एवढी वर्षं झाली भावाला जाऊन, तरी दुःख कसं ताजं आहे,” तो म्हणाला आणि त्यानं पेन सरसावलं. “संपलंच. आता फक्त साक्षीदाराचं नातं. या बाई तुमच्या कोण?”

“शेजारीण,” असं म्हणायचं ठरलं होतं. बाकावर चारदा घोकून घेतलं होतं बाईंनी.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या तोंडातून हा शब्द कधी निघाला नव्हता. आणि निघाला तो इथं, शपथेवर!

कारकुनानं पेन उचलून धरलं. “चुलत वहिनी असेल,” तो घाईघाईनं म्हणाला. “मावस? आते? आजी, कुठल्या तरी दुसऱ्या भावाची बायको म्हणा. किती भाऊ होते तुम्हाला?”

“एकच,” वन्सं म्हणाल्या. “आणि ही त्याची बायको.”

कारकुनानं एक लांब सुस्कारा सोडला आणि पेनला टोपण घातलं.

जिना उतरताना बाई नुसत्या धुमसत होत्या. “एक शब्द, वन्सं! एवढा एक शब्द सांभाळता आला नाही?”

“एका दिवसात एकच खोटं निभतं मला. दुसरं नाही निभलं.”

“माझ्या खोल्या गेल्या ना!”

“गेल्या,” वन्सं म्हणाल्या, आणि बाईंचा हात धरून त्या पुढची पायरी उतरल्या.

महिनाअखेर खोल्या गेल्याच. बाई रडल्या, टॅक्सीवाल्यांचा निरोप घेताना तर फार रडल्या. पॅसेजमध्ये कॉट पडली आणि पहिल्याच पहाटे भाच्याच्या थोरल्या मुलाचा पाय त्यांच्या नडगीवर पडला. पण वन्संनी एक नवंच सुरू केलं. दार वाजलं की काठी टेकत आधी त्या धावायच्या. पोस्टमन असो, मीटर बघणारा असो, चुकून दुसऱ्याच घरी आलेला पाहुणा असो, त्याला थांबवून कॉटकडे बोट दाखवायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायच्या, “ही माझी वहिनी. माझ्या सख्ख्या भावाची लग्नाची बायको!”

शेवटी एका सकाळी बाईंना कॉटवरूनच म्हणावं लागलं, “पुरे हो, वन्सं. दूधवाला काही पेन्शन देत नाही.”