अक्काचे ससे

गुळाचे व्यापारी धनपालशेठ यांनी शाहूपुरीत डोळ्यांचा दवाखाना बांधून दिला, तो काळ शाहू महाराजांचा. दवाखाना पाहायला गेलेल्या त्यांच्या बायकोला, त्रिशलाक्काला, मागच्या खोलीत सशांचे पिंजरे दिसले. सशांचे डोळे लालभडक, गळणारे. नवं औषध आधी सशांच्या डोळ्यांत घालून बघायचं, मगच माणसाला, असं हंबीरराव डॉक्टरांनी समजावलं. घरी येऊन अक्कानं अन्नपाणी सोडलं.

"मुक्या जिवाला तोंड न्हाय," ती समजूत घालायला आलेल्या डॉक्टरांना म्हणाली. "माणूस निदान नको तरी म्हणतंय."

देणगीदाराच्या बायकोपुढं डॉक्टरांचं काय चालणार? ससे अक्काच्या परसात आले आणि कोवळा पाला खाऊन ठणठणीत झाले. अख्खी पेठ तिच्या दयेचे गोडवे गाऊ लागली. खोटं कशाला बोला, अक्काला ते आवडत होतं.

घरी वाकळा शिवायला येणाऱ्या खैरुनबीचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा अक्कानंच तिला दवाखान्यात धाडलं. आपलाच दवाखाना, भिऊ नको म्हणाली. पुढं बरेच दिवस खैरुनबी फिरकली नाही. अक्कानं चौकशीही केली नाही, तिचा जीव सशांत गुंतला होता.

मग डॉक्टर मोठ्या तोऱ्यात दोन फोटो घेऊन आले. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. परक्या पुरुषापुढं डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी खैरुनबी दोन्हींत उघड्या डोक्यानं बसली होती. पहिल्यात डोळे नुसते सुजलेले. दुसऱ्यात बुबुळं चुन्यासारखी पांढरी, आणि कुणाचे तरी दोन हात तिचं डोकं गच्च धरून होते.

"ती नको म्हणाली न्हाय?" अक्कानं विचारलं.

"म्हणाली की," डॉक्टर फोटो पुसत म्हणाले. "ससे तरी कुठं गप्प बसत होते? ते तुम्ही नेलेत. मग बघायचं कुणावर?"

दुसऱ्या दिवशी नणंदेचा हात धरून खैरुनबी परसात आली. अर्धी शिवलेली वाकळ परत द्यायची होती. अक्काला भयंकर लाज वाटत होती. एवढ्यात एक ससा खैरुनबीच्या पायाशी आला. तिनं तो उचलला आणि त्याचे डोळे बोटांनी चाचपले.

"अक्का, औषध आधी ह्यास्नी घालत हुते म्हणं. ह्येला दिसतंय न्हवं?"

"व्हय."

"मग बरं झालं," म्हणत खैरुनबीनं ससा अक्काला देण्यासाठी पुढं केला. अक्का दुसऱ्या बाजूला उभी होती.