उजवा कौल

मेमरी आणायची की दांडी, एवढंच मनोहरला सांगायचं होतं. माझा भाऊ तो, अमेरिकेत शिकतो, आणि फावल्या वेळात हॉटेलात भांडी घासून राहतो. दोन्ही आणणं त्याला झेपणारं नव्हतं. रविवारी सकाळी खाली घरमालकांकडे त्याचा फोन येणार आणि मंगळवारी तो विमानात बसणार. आमच्या घराचं पुढे काय व्हायचं ते त्या एका शब्दापाशी येऊन अडकलं होतं.

आता हे दोन प्रकार काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे डोकं धरून बसाल. ह्यांची कंपनी लॉकआउटमध्ये बंद पडली त्याला वर्ष होत आलं. शिकलासवरलेला इंजिनियर माणूस, पण त्या वर्षी कलकत्त्यात इंजिनियरला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मग मनोहरने मागच्या खेपेला आणलेल्या सुट्या भागांतून ह्यांनी घरातच कॉम्प्युटर जोडायला घेतला. घरात म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात, कारण धड चालणारा प्लग तिथेच. पोळपाट-लाटणं जमिनीवर, आणि ओट्यावर हे महाराज, शेजारी जुना टीव्ही. चालायचा हो, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पोटात फार काही राहायचं नाही. थोडी नावं घातली की जागा संपली.

मेमरीची जास्तीची पट्टी बसवली, तर हावड्याच्या एका फाउंड्रीतल्या सगळ्या कामगारांचे पगार त्याच्यावर निघाले असते. आणि खेळाची दांडी आणली, म्हणजे हातात धरून टीव्हीवरचा ठिपका इकडेतिकडे पळवायची मूठ, तर एस्प्लनेडच्या एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी तो खेळ ठेवला असता. ठेवला असता म्हणजे काय, "आणा, बघू" एवढंच म्हणाला होता तो. हावड्याचे शेठ श्यामसुंदरबाबू मात्र पक्कं बोलले होते. पगार काढून दाखवा, नोकरी तुमची आणि राहायला जागा माझी.

यात एवढा विचार कसला, असं वाटेल. मलाही शनिवारपर्यंत तसंच वाटत होतं. देवापुढे पेढे ठेवायचेच बाकी होते.

हावड्याचं दार उघडून दिलं होतं भालचंद्रभावजींनी. ते त्याच फाउंड्रीत पगाराचे मुनशी, महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत हाताने हिशेब करत बसणारे. जन्म इथलाच, कलकत्त्यातल्या भवानीपूरचा, आजोबा कधीकाळी कोकणातून आलेले. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या वेळी ओळख झाली आणि मग आमचे तेच एक आपले म्हणण्यासारखे राहिले. मराठी बोलताना तो-ती-ते विसरून बाई-पुरुष, खुर्ची-टेबल सगळं एका माळेत ओवतात, मी तोंडावर हसते, ते वाईट वाटून घेत नाहीत. ह्यांची नोकरी गेल्यावर नातेवाइकांनी पत्रं पाठवायचं बंद केलं. हा माणूस मात्र दर रविवारी येत राहिला, आणि कधी रिकाम्या हाताने आला नाही. शेठजींच्या कानावर ह्यांचं नाव त्यांनीच घातलं, आणि पदरची सुट्टी घालून ह्यांना तिथे नेलंही त्यांनीच.

शनिवारी हे हावड्याहून परत आले आणि चहाही न घेता भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, शेठ फिरला. तसं नव्हतं. शेठने यंत्र कुठे ठेवायचं ती जागा दाखवली होती. ती भावजींच्या टेबलाची जागा. यंत्र आलं की मुनशी कशाला हवा, असं शेठ हसत म्हणाला होता. भालचंद्रला एवढ्यात बोलू नका, दुर्गापूजा होऊन जाऊ दे बिचाऱ्याची, हेही वर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मग दांडीच आणायची, विषय संपला. ज्याने ताटात वाढलं त्याच्या पोटावर पाय देऊन मला हावड्याची जागा नको. हे म्हणाले, हॉटेलात उभं राहून पोराटोरांना ठिपका पळवायला शिकवू का? मी म्हटलं, शिकवा, त्यात काय कमीपणा आहे? बरंच बोलले मी. माझं तोंड सुटलं की मला थांबवता येत नाही. हे ऐकत राहिले आणि मग खाली बघून म्हणाले, "शकुन, आज मी घाटावर उभा होतो. बोट लागली, भरली, निघून गेली. मी पाण्याकडेच बघत होतो."

ह्यांची दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, हे मला रोज दिसत होतं. पण शब्दांत ते पहिल्यांदाच ऐकलं. मला माझा नवरा हवा होता. आणि भावजींची बायको प्रेमलता, तिलाही तिचा संसार हवाच असणार ना. ती रात्र कशी काढली माझं मला माहीत.

रविवारी फोनच्या आधी भावजी आलेच, संदेश मिठाईचा पुडा घेऊन. अजून ठरलं नाही म्हटल्यावर चकित झाले. ह्यांच्याकडे बघत म्हणाले, मग देवाला विचारू या की, आजोबा कौल लावायचे, मला येतं. मी म्हटलं, ह्यांचा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. आयुष्यात देवापुढे हात न जोडणारे हे म्हणाले, लावा. मी वळून बघितलं तर ह्यांचा चेहरा कोरा होता.

लोडशेडिंग चालू होतं. भाद्रपदातला उकाडा, अंगाला चिकटणारा. भावजींनी जास्वंदाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि आमच्या पितळी गणपतीच्या छातीवर दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी मेमरी, डावी दांडी. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. आपल्या हाताने लावल्या त्यांनी, आणि डोळे मिटून आमच्यासाठी पुटपुटत बसले. मी मनातल्या मनात डावी, डावी म्हणत होते. ह्यांच्यासाठी दुसरं काहीतरी मी बघेन, शिवणकाम करीन, ह्यांना घाटाकडे एकटं सोडणार नाही, पण डावी पाड. आणि डावी सुटायला लागली होती हो. कड वर आली होती तिची, मी डोळ्यांनी बघितलं.

तेवढ्यात वीज आली. लोडशेडिंगमध्ये पंख्याचं बटण बंद करायचं कलकत्त्यात कुणाच्या ध्यानात असतं? पंखा भर्रकन फिरला आणि उजवी पाकळी खाली.

"हा पंख्याचा वारा आहे," मी म्हटलं. "हा कौल नव्हे. पुन्हा लावा."

उपासतापास करणारी मी, आणि मी म्हणत होते वारा. हे म्हणाले, झाला तो झाला. भिंतीकडे बघून म्हणाले. मी पुन्हा लावा, पुन्हा लावा करत राहिले तशी भावजी हसायला लागले. वाराही देवानेच पाठवला, वहिनी, असं म्हणून त्यांनी पाकळी उचलून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी मूठ मिटली.

खालून घरमालकांच्या सुनेने हाक मारली. फोन आला होता.

आम्ही तिघेही खाली गेलो. ह्यांनी रिसीव्हर घेतला, हॅलो म्हणाले आणि थांबले. लाइनमध्ये नुसती खरखर. त्यातून मनोहर ओरडत होता, काय आणू, काय आणू, ते आम्हाला उभ्या जागी ऐकू येत होतं. ह्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. कौल झाला म्हणणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी सांगावं म्हणून हे बघत होते, एवढं मला कळतं, इतकी वर्षं संसार केलाय. दांडी हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. हात पुढे करून रिसीव्हर घ्यायचा आणि बोलायचं, बस्स. पण डोळ्यांपुढे घाटावरचं ते पाणी आलं. मी हात पदरातच ठेवले.

भावजींना वाटलं, लाइन खराब आहे म्हणून ह्यांचं बोलणं पोहोचत नाहीये. फाउंड्रीच्या खडखडाटात बोलायची सवय त्यांना. त्यांनी ह्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि छातीत श्वास भरून ओरडले, "मेमरी! मेमरी आण! हां, मेमरी!"

लाइन तुटली. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, रुमालाने घाम पुसला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे जिन्याचा कठडा धरून उभे होते.

"ऐकलं त्याने," भावजी मला म्हणाले. "आता बघा वहिनी, तुमचंही चांगलं होईल, आणि महिनाअखेरीला मीही वेळेवर घरी जाईन."

मी म्हटलं, हो.