माझ्यामुळे बोट चुकली

मी केलेमेतेच्या जुन्या पिकअपमधला अल्टरनेटर बोलतोय. खरं तर ‘पिकअपमधला’ म्हणायचा हक्क आता मला उरलेला नाही. मला काढून टाकलंय, आणि काढलं ते बरंच झालं.

माझा जन्म जपानमधला. पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कार्बनचे दोन छोटे ब्रश. इंजिनाचा पट्टा मला गरागरा फिरवायचा, मी वीज तयार करायचो आणि बॅटरीचं पोट भरायचो. गाडी सुरू झाली की लोक बॅटरीचं नाव घेतात. तिला जेवू घालणारा कुणाला आठवत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

गाडी सावाईई बेटावर आली तीच वापरलेली. केलेमेतेने मात्र तिला लेकीसारखं सांभाळलं. अळकुड्यांच्या टोपल्या, डुकरं, चर्चमध्ये गाणाऱ्या बायका, सगळं तिने वाहिलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझं कवच खाल्लं, ब्रश झिजून नखाएवढे उरले. मी कण्हायला लागलो. समोरच्या फळीवर लाल दिवा लागला.

“बाबा, हा दिवा कसला?” धाकट्या मासिनाने विचारलं.

“असाच लागतो तो. डोळ्यात खुपतो मेला,” म्हणत केलेमेतेने त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

पुढे गाडी सकाळी सुरू होईना. थोरल्या फेतूचा नवरा रोपाती मासेमारी करतो, शिवाय गावातल्या गाड्याही दुरुस्त करतो. सासऱ्याने नवी बॅटरी आणायला सांगितली, त्याने आणून बसवली. “एकदा सगळं तपासू या का, बाबा?” असंही म्हणाला. पण केलेमेतेला घाई होती. मासिनाला न्यूझीलंडला सफरचंदं तोडायचं काम मिळालं होतं. निघायचा दिवस तोंडावर आला होता.

त्या सकाळी जोराचा पाऊस. दिवे लावलेले, काच पुसणारे वायपर चालू, आणि माझ्यातून वीज म्हणावी तर थेंबभरही नाही. बॅटरी बिचारी एकटी सगळ्यांना पुरवत होती. काळ्या लाव्ह्याच्या माळावर दिवे पिवळे पडले, वायपर अर्ध्यात थांबले आणि गाडी आचके देत बंद पडली. निरोपाला निघालेली मंडळी मागच्या बसमधून आली. सगळ्यांनी उतरून ढकललं. काही उपयोग झाला नाही. मासिनाला बसमध्ये घातलं, पण सालेलोलोगाच्या धक्क्यावर पोचेपर्यंत बोट सुटली होती. पलीकडच्या बेटावरून तिचं विमान तिच्याविना उडालं. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

पाऊस थांबल्यावर रोपाती आला. भर रस्त्यात, अर्ध्या गावासमोर केलेमेते त्याला म्हणाला, “या, जावईबापू. नवी बॅटरी तुमच्या होडीत छान चालत असेल. आमच्या गळ्यात जुनी बांधलीत ना?”

“बाबा, असं बोलू नका,” फेतू म्हणाली.

“का नको? घरातला चोर दाखवायला बाहेरचा माणूस बोलावू?”

मी बॉनेटखाली सगळं ऐकत होतो. चोर मी होतो. बॅटरीचं खाणं मी बुडवलं होतं, आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोपातीने बॅटरी भरून आणली, गाडी सुरू केली, मीटर लावला. काटा वर चढायच्या ऐवजी खाली खाली गेला. मग त्याने बॅटरीची तार सोडवली, माझा पट्टा उतरवला. माझा बोल्ट गंजून बसला होता. पान्याला नळी जोडून त्याने तो मोडू न देता काढला. भंगारातल्या एका गाडीचा चांगला अल्टरनेटर माझ्या जागी बसवला, पट्टा ताणून अंगठ्याने दाबून पाहिला. गाडी चालू झाली. काटा चढला.

“बॅटरी नवीच आहे, बाबा,” तो म्हणाला. “हा गेला होता.” आणि मला सासऱ्याच्या हातात दिलं.

केलेमेतेने चिकटपट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे मोठा अपराध घडला की अपराधी बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून समोरच्याच्या दारात बसतो. त्याने चटई उचलली, की माफी मिळाली. रविवारी चर्च सुटल्यावर केलेमेते असा जावयाच्या अंगणात बसला. उन्हात. मला त्याने शेजारी ठेवलं होतं.

रोपाती लगेच बाहेर आला नाही. रस्त्याने जाणारे थबकले, कुजबुजले, पुढे गेले. चटईखालचा म्हाताऱ्याचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी पावलं आली, चटई उचलली गेली.

“उठा बाबा,” रोपाती म्हणाला. “मनाला लागलं होतं. म्हणून वेळ लावला. चला, कोको निवतोय.”

म्हातारा उठला, पण मान वर झाली नाही.

मी तिथेच राहिलो. कोकोच्या बिया वाळत घालतात त्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवलंय मला. तुमच्या गाडीत माझा कुणी भाऊबंद कण्हत असेल, तर त्याला वेळेत उतरवा. उतरवल्याचं दुःख नसतं हो. कुणाची वाट अडवल्याची लाज मात्र गंजत नाही.

बिया गोळा करायला मासिना येते. मला दोन्ही हातांनी उचलते, ताडपत्री झटकते, परत जपून ठेवते. तिच्या दारात अजून कुणी बसलेलं नाही. मला पाय असते तर मी बसलो असतो.