ढोलाच्या पोटातले भूत

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. माझ्या पोटात भूत आहे असे आमच्या गावात बरेच दिवस बोलले जाई, पण घाबरू नका. पोटात आहे ती फक्त एक बी, कारागिराने कातडे ताणण्याआधी आत टाकलेली. आम्ही तिला ढोलाचे काळीज म्हणतो.

मला एका जाड खोडातून कोरले आणि युगांडातल्या या केळीबागांच्या गावात कुळाचा वादक मुक्वाया याच्या हाती दिले. इथे प्रत्येक कुळाचा आपला ठेका असतो. कुळाचा ढोल कानावर पडला की हातातले काम टाकून यायचे, ही रीत. लग्न असो, जुळी जन्मोत की कुणी जावो, मुक्वायाने थाप दिली की सारे कुळ अंगणात जमे. फार मिरवलो मी तेव्हा!

मग त्याची थाप मंदावली. चेहरा असा कोरा झाला की एका लग्नात नवरीकडचे म्हणाले, ह्याला आमचे सुख बघवत नाही. बोलावणी थांबली. तो दारातल्या स्टुलावर बसून राही, पापणीही क्वचित लवे, आणि उजवा हात माझ्यावर टेकलेला असे.

त्या हाताला कंप सुटे. तो वाजवत नव्हता, तरी मी वाजत होतो. टुक, टुक, टुक. माझे मलाच भय वाटे. भर दुपारी, वारा पडलेला असताना, केळीबागेतल्या बायका माझा आवाज ओळखून धावत येत. चाहूल लागताच मुक्वाया हात कापडाखाली लपवी. त्यांना दिसे एक गप्प ढोल आणि एक न हलणारा चेहरा. त्यांच्या पाचावर धारण बसे. मेलेला पूर्वज बोलावतो आहे, अशी वावडी उठली. लोक वाट वाकडी करून जाऊ लागले. खरे काय ते मला ठाऊक होते, पण सांगणार कसे?

एके संध्याकाळी त्याची थोरली बहीण नाब्वामी आली. ती घरातल्या मुलांची आत्या, आणि आमच्याकडे आत्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ढोल जाळायचा आणि भावाला दलदलीपलीकडच्या मांत्रिकाकडे कोंडायचे, असे तिने ठरवले होते. अंगणात जाळ पेटला. ढोल आगीत द्यायचा तो वादकानेच. मुक्वायाने मला छातीशी धरले, उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच पाय जमिनीला खिळले.

"धरलंय बघा त्याला पूर्वजानं," नाब्वामी पुटपुटली.

तेवढ्यात मी वाजलो. टुक, टुक, टुक. अंगणातले लोक मागे सरले. मुक्वायाची मुलगी नाकिमुली मात्र पुढे आली. या वेळी हात लपवायला त्याला जागाच नव्हती.

"आत्या, पळू नकोस. नीट बघ. बाबांचा हात आहे हा."

मग तिने त्याला विचारले, "बाबा, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"लाज वाटली गं." त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "ज्या हाताला गाव नावाजायचं, तोच माझं ऐकेना."

नाकिमुलीने मला काढून घेतले आणि कुळाचा ठेका सावकाश धरला. मुक्वायाचा एक पाय उचलला. मग दुसरा. ठेक्यावर पावले टाकत तो जाळाला वळसा घालून बहिणीसमोर उभा राहिला. नाब्वामीचे डोळे भरून आले. त्या जाळावर त्या संध्याकाळी केळी शिजली.

पुढे शहरातल्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, पार्किन्सन. तो मेंदूचा आजार आहे; हात थरथरणे, चेहरा कोरा होणे, पाय खिळणे हे त्यातूनच, आणि ठेका ऐकला की अनेकांना पाऊल टाकणे सोपे जाते. शाप नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. पुरता बरा होत नाही, पण औषधाने हालचाल सोपी होते.

अजूनही दुपारी टुक, टुक ऐकू येते. आवाज आला की नाब्वामी कुदळ टाकून येते आणि भावाशेजारी बसते. हात थरथरायचा थांबत नाही, पण आता तो कापडाखाली जात नाही.

मित्रांनो, तुमच्या आसपास कुणाचा हात असा थरथरत असेल, चेहरा हसत नसेल, तर वाट वाकडी करू नका. त्या चेहऱ्यामागे तोच माणूस आहे, तुम्हाला ओळखणारा. आमच्याकडे ढोल ऐकला की यायचे असते. तुम्हीही या.